थर्मोस्टॅटची उपमा नेमकी कुठे लंगडी पडते?

अर्धवटवाचक

समस्थिती, म्हणजे होमिओस्टॅसिस, मुळापासून समजून घ्यायची आहे. सेन्सर, नियंत्रण केंद्र, इफेक्टर (प्रत्यक्ष दुरुस्ती करणारा अवयव) आणि उलट दिशेची दुरुस्ती एवढं कळतं. खोलीतल्या थर्मोस्टॅटची उपमा सगळीकडे दिलेली असते, पण जरा खोलात गेलं की ती उपमाच गोंधळ वाढवते. शंका अशा:

१) चूक झाल्याशिवाय दुरुस्ती सुरू होत नाही. मग काटा सतत दोन्ही बाजूंना हेलकावे का खात नाही? आणि दुरुस्ती पूर्ण होते की थोडी चूक उरतेच?

२) ३७ अंश हा आकडा शरीरात 'लिहिलेला' कुठे असतो?

३) ताप चढताना अंग तापलेलं असतं, तरी माणूस पांघरूण मागतो. यंत्रणा बिघडली म्हणायची की चालू आहे म्हणायची?

४) पॉझिटिव्ह फीडबॅक चूक वाढवतच नेत असेल, तर त्याला थांबवतं कोण?

'फीडबॅकमुळे संतुलन राखलं जातं' याच्या पुढचं उत्तर हवं आहे. आकडे असतील तर उत्तमच.

लूपगेन

पहिल्या शंकेपुरतं लिहितो.

चूक उरतेच. किती उरते ते त्या यंत्रणेच्या 'गेन'वर ठरतं. गेन म्हणजे झालेली दुरुस्ती भागिले उरलेली चूक. हमखास दिलं जाणारं उदाहरण रक्तदाबाचं आहे. बाहेरून रक्त भरून दाब वाढवला आणि बॅरोरिसेप्टर (रक्तदाबाची खबर देणारे सेन्सर) बंद पाडलेले असले, तर सरासरी दाब १०० वरून १७५ मिमी पाऱ्यावर जातो. बॅरोरिसेप्टर चालू असले तर १२५ वरच अडतो. ७५ ची चूक व्हायची होती, त्यातली ५० पुसली गेली आणि २५ उरली. गेन झाला २ (दुरुस्ती उलट दिशेची म्हणून उणे २ लिहितात). तापमानाचा गेन याच्या कितीतरी पट आहे: बाहेरची हवा २५-३० अंशांनी बदलली तरी आतलं तापमान जेमतेम १ अंश हलतं.

मग रक्तदाब इतक्या ढिल्या हातात कसा सोडला? तर त्याच्यावर एकच लूप (सेन्सरपासून दुरुस्तीपर्यंतचं चक्र) नाही. बॅरोरिफ्लेक्स, म्हणजे बॅरोरिसेप्टरांवर चालणारा लूप, सेकंदांत धावून येतो, पण दाब एक-दोन दिवस चढाच राहिला तर तो त्या नव्या दाबालाच सरावतो. पुढचं काम मूत्रपिंडाचं. दाब वाढला की मूत्रपिंड जास्त मीठ-पाणी बाहेर टाकतं आणि दाब मूळ जागी येईपर्यंत टाकतच राहतं. चूक शिल्लक आहे तोवर दुरुस्ती साचत जाते, म्हणून तत्त्वतः ती शून्यावर येऊ शकते. अभियंते याला इंटिग्रल कंट्रोल म्हणतात. एकदाच धक्का मारून थांबणाऱ्या यंत्रणेला हे जमत नाही.

आता हेलकावे. ते होतात ते उशिरामुळे. सेन्सरला बातमी उशिरा पोचली, तर दुरुस्ती जुन्या बातमीवर होते आणि गरजेपेक्षा पुढे जाते. उशीर मोठा आणि गेनही जास्त असला की लूप झुलायला लागतो. निरोगी माणसात फुप्फुसातलं रक्त मानेतल्या कॅरॉटिड बॉडीपर्यंत (श्वासाच्या लूपचा एक सेन्सर) काही सेकंदांत पोचतं, त्यामुळे श्वास स्थिर राहतो. हृदय कमजोर झालं की तेच रक्त रेंगाळत पोचतं. मग श्वास वाढत वाढत खोल होतो, पुन्हा कमी होत थांबतो, पुन्हा सुरू होतो. एक फेरा साधारण मिनिटाभराचा. यालाच चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. उंच डोंगरावर झोपेत निरोगी माणसाचाही श्वास असा झुलतो, पण तिथे कारण वेगळं: प्राणवायू कमी असल्यामुळे गेन वाढलेला असतो.

आणि चूक होण्याआधीच दुरुस्ती सुरू करायची युक्तीही शरीराकडे आहे, तिला फीडफॉरवर्ड म्हणतात. ग्लुकोज शिरेतून दिलं तर जेवढं इन्सुलिन सुटतं, त्यापेक्षा बरंच जास्त ते तोंडाने घेतल्यावर सुटतं, रक्तातली साखर तेवढीच वाढली तरी. आतड्यातून निघणारी इन्क्रेटिन हॉर्मोन्स स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देतात. थर्मोस्टॅटला दार उघडणार आहे हे आधी कळत नाही. उपमा मोडते ती पहिली जागा ही.

तापमापक

२ आणि ३ एकत्रच घेतो.

३७ हा आकडा कुठेही लिहिलेला नाही. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात, प्रीऑप्टिक क्षेत्रात, अशा चेतापेशी आहेत ज्या रक्त गरम झालं की जास्त वेगाने संदेश सोडतात. त्वचेकडून येणारी थंड-गरमची माहितीही तिथेच मिळते. घाम सुटण्याचा उंबरठा एक, त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळण्याचा उंबरठा दुसरा, हुडहुडीचा तिसरा. पहिल्या दोघांत फरक फक्त ०.२ ते ०.४ अंशांचा; हुडहुडी मात्र आवळण्याच्या उंबरठ्याच्याही सुमारे १ अंश खाली सुरू होते. या सगळ्यांच्या मधल्या फटीत शरीर जिथे विसावतं त्याला आपण 'सेट पॉइंट' म्हणतो. संपूर्ण भूल दिली की ही फट २ ते ४ अंशांपर्यंत रुंदावते, म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणूस गार पडतो आणि त्याला उबदार ठेवावं लागतं.

विसावण्याची जागाही दिवसभर एक नसते. पहाटे सर्वांत खाली, सायंकाळी अर्धा ते एक अंश वर. बीजोत्सर्गानंतर प्रोजेस्टेरॉनमुळे ०.३ ते ०.५ अंश वर.

आता ताप. संसर्ग झाला की इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ सारखी रसायनं सुटतात, मेंदूजवळ प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं आणि वरचे सगळे उंबरठे एकदम वर सरकतात. समजा ३९ वर गेले. आता ३८ अंशांचं अंगसुद्धा यंत्रणेच्या हिशेबी गारच. म्हणून हातपाय थंड, अंगावर काटा, हुडहुडी, पांघरूण. यंत्रणा चोख चालू आहे, फक्त तिचं लक्ष्य बदललंय. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन हे प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, उंबरठे खाली येतात, ३९ अंशांचं अंग आता 'जास्त गरम' ठरतं आणि घाम फुटतो. चढत्या तापात बर्फाच्या पाण्याने अंग पुसणं उलटं पडतं ते यासाठीच: लक्ष्य वरच असतं, तुम्ही त्वचा गार करता, शरीर आणखी कुडकुडून उष्णता तयार करतं.

उष्माघात ही पूर्ण वेगळी गोष्ट. तिथे लक्ष्य ३७ च्या आसपासच असतं, पण उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता संपलेली असते. आतलं तापमान ४० च्या वर आणि सोबत गोंधळलेलं बोलणं, झटके किंवा बेशुद्धी. इथे पॅरासिटामॉलचा उपयोग शून्य, कारण प्रोस्टाग्लँडिनचा संबंधच नाही. थंड पाण्यात बुडवून किंवा सतत पाणी मारून वारा घालत अर्ध्या तासाच्या आत तापमान ३९ च्या खाली आणायचं असतं. दवाखान्यात नेण्याच्या घाईत गार करणं थांबवू नये.

थोडं गणित, कारण तुम्ही आकडे मागितलेत. ७० किलोच्या माणसाचं अंग १ अंशाने तापायला साधारण ५८ किलोकॅलरी लागतात. नुसतं पडून राहिलं तरी तासाला ७०-८० किलोकॅलरी उष्णता तयार होते. म्हणजे बाहेर पडायची वाट बंद झाली तर तासाला १ अंशाहून जास्त वाढ. उलट १ लिटर घाम पूर्ण *वाळला* तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. 'वाळला' हा शब्द महत्त्वाचा. टपटप गळणारा घाम मीठ आणि पाणी नेतो, उष्णता फारशी नेत नाही. दमट हवेत लोक कोसळतात ते त्यामुळे.

अर्धवटवाचक

दोघांचे आभार, ताप आणि उष्माघाताचा फरक पहिल्यांदाच नीट कळला. पुढचा प्रश्न: मधुमेह किंवा थायरॉइडमध्ये लूपचा नेमका कुठला भाग तुटतो ते कसं ओळखायचं? रक्ततपासणीवरून कळतं का?

ग्रंथीशोध

कळतं, पण एकच आकडा बघून नाही. लूपमधले दोन बिंदू एकाच वेळी मोजावे लागतात.

थायरॉइड हे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. पिट्युटरी (मेंदूच्या तळाची ग्रंथी) टीएसएच हे थायरॉइडला हुकूम देणारं हॉर्मोन सोडते, थायरॉइड टी-४ हे स्वतःचं हॉर्मोन बनवते, टी-४ परत जाऊन टीएसएच दाबतं. टी-४ कमी आणि टीएसएच जास्त: वरून ओरडा चालू आहे पण ग्रंथी ऐकत नाही, दोष थायरॉइडमध्ये. टी-४ कमी आणि टीएसएचही कमी किंवा 'नॉर्मल': दोष वर, पिट्युटरीत किंवा हायपोथॅलॅमसमध्ये. इथेच फसगत होते. टी-४ खाली असताना टीएसएच नॉर्मल असणं हे नॉर्मल नाही, ते वर असायला हवं होतं. फक्त टीएसएच तपासून मोकळं झालं तर हा प्रकार नजरेतून सुटतो. टी-४ थोडं हललं की टीएसएच कितीतरी पटींनी हलतं, त्यामुळे सुरुवातीचा बिघाड आधी टीएसएचमध्ये दिसतो. (जास्त मात्रेत बायोटिन हे जीवनसत्त्व घेणाऱ्यांनी तपासणीआधी ते सांगावं. काही पद्धतींत त्यामुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं.)

लूपगेन यांनी उशिराबद्दल लिहिलंय ते इथे तंतोतंत लागू होतं. टी-४ चं अर्धायुष्य सुमारे ७ दिवस. डोस बदलल्यावर नवी पातळी स्थिर व्हायला अशी चार-पाच अर्धायुष्यं लागतात, आणि टीएसएच त्याच्याही मागून येतं. म्हणून ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. दर दोन आठवड्यांनी टीएसएच बघून डोस वर-खाली केला तर माणसाच्या हाताने चेन-स्टोक्स तयार होतं: आधी जास्त, मग कमी, मग पुन्हा जास्त.

साखरेकडे येऊ. इथे सेन्सर आणि हॉर्मोन सोडणारी पेशी एकच, स्वादुपिंडातली बीटा पेशी. ग्लुकोज आत शिरतं, ग्लुकोकायनेज हे विकर त्याला कामाला लावतं, एटीपी (पेशीचं इंधन) वाढतं, पोटॅशियमची वाट बंद होते, पेशीचं विद्युतविभव बदलतं, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिनच्या पिशव्या फुटतात. टाइप १ मध्ये या पेशीच नष्ट होतात, म्हणजे सेन्सरही गेला आणि हॉर्मोनही. टाइप २ मध्ये सुरुवातीला इन्सुलिन भरपूर असतं, पण यकृत, स्नायू आणि चरबी त्याला दाद देत नाहीत. म्हणून बीटा पेशी गेन वाढवून किल्ला लढवतात, आणि साखर चढलेली दिसते ती त्या थकल्यावर. सी-पेप्टाइडची (इन्सुलिन बनताना त्याच्यासोबत सुटणाऱ्या तुकड्याची) पातळी साखरेसोबत बघितली की दोन्हींतला फरक बहुतेक वेळा स्पष्ट होतो.

साखर खाली जाताना बचावाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ८०-८५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरला इन्सुलिन कमी होतं, ६५-७० ला साखर वाढवणारं ग्लुकागॉन आणि ॲड्रेनॅलिन येतं, ५५ च्या आसपास घाम, थरथर, भूक जाणवते, ५० च्या खाली विचार करणं अवघड होतं. टोचलेल्या इन्सुलिनला यातली पहिली पायरी लागू नाही. ते बाहेरून आलंय, साखर घसरली म्हणून थांबत नाही. म्हणून ७० च्या खाली आल्यास, माणूस शुद्धीवर असेल तर, १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने, १५ मिनिटांनी पुन्हा मोजणी, अजून कमी असेल तर परत १५ ग्रॅम. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये.

वारंवार साखर कमी होत राहिली तर या पायऱ्याच खाली सरकतात आणि थरथर जाणवण्याआधीच शुद्ध जाते. बीटा ब्लॉकर (ॲड्रेनॅलिनचा परिणाम अडवणारी औषधं) घेणाऱ्यांत धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. त्यांना हे सांगून ठेवलेलं असावं.

उलटतपासणी

एक भर घालतो. सेन्सर नेमकं *काय* मोजतो हे बघितल्याशिवाय कुठलाच लूप कळत नाही. बहुतेक ठिकाणी शरीराला हवी ती गोष्ट तो मोजतच नाही, तिच्या शेजारची मोजतो.

श्वासाचा लूप रोजच्या जगण्यात मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर चालतो. त्याचा दाब १ मिमी पाऱ्याने वाढला तर मिनिटाला २ ते ३ लिटर जास्त हवा आत-बाहेर होते. प्राणवायूचा दाब ६० मिमीच्या खाली उतरेपर्यंत कॅरॉटिड बॉडी फारशी ओरडत नाही. पाण्याखाली जाण्याआधी मुद्दाम भराभर खोल श्वास घेणं जीवघेणं ठरतं ते म्हणूनच. त्याने साठवलेला प्राणवायू नावापुरता वाढतो, कार्बन डायऑक्साइड मात्र खूप खाली जातो. 'आता वर ये' हा इशारा मिळण्याआधी प्राणवायू संपतो आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध होतो.

कार्बन मोनॉक्साइड याहून दगाबाज. तो हिमोग्लोबिनची जागा अडवतो, पण रक्तात विरघळलेल्या प्राणवायूचा दाब बदलत नाही, आणि कॅरॉटिड बॉडी दाबच बघते. प्राणवायूचं वहन निम्म्यावर आलं तरी धाप लागत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, झोप येते. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटरही इथे फसतो, आकडा चांगलाच दाखवतो.

बॅरोरिसेप्टर तर दाब मोजतच नाही, रक्तवाहिनीच्या भिंतीचा ताण मोजतो. मानेला घट्ट कॉलर बसली किंवा त्या जागी बोटाने दाबलं की काही लोकांची, विशेषतः वयस्कांची, नाडी एकदम मंदावते आणि ते कोसळतात. म्हणून दोन्ही बाजूंच्या कॅरॉटिड एकाच वेळी चाचपून बघू नयेत.

या लूपची घरी करता येणारी तपासणी: ५ मिनिटं आडवं पडून रक्तदाब आणि नाडी मोजायची, उभं राहायचं, १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर ती घसरण प्रमाणाबाहेर आहे. दाब पडला आणि नाडी जोरात वाढली, तर लूप शाबूत आहे, शरीरात पाणी किंवा रक्त कमी आहे. दाब ३० ने पडला आणि नाडी १५ ठोकेसुद्धा वाढली नाही, तर मज्जातंतूंकडे बघावं लागेल (बीटा ब्लॉकर चालू नसेल तरच हा निष्कर्ष काढा).

मीठपाणी

पाण्याच्या लूपला कोणी हातच लावला नाही, म्हणून थोडक्यात. रक्ताची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) २७५ ते २९५ मिलिऑस्मोल प्रति किलोच्या पट्ट्यात असते आणि १-२ टक्के बदलसुद्धा हायपोथॅलॅमसला कळतो. २८० च्या थोडं वर एडीएच (मूत्रपिंडाला पाणी राखायला लावणारं हॉर्मोन) सुटू लागतं, तहान त्याच्याही जरा वर. म्हणजे आधी लघवी घट्ट करून पाणी वाचवायचं, मग माणसाला उठवून पाणी प्यायला लावायचं. हा क्रम मला फार आवडतो.

लघवी याच मोजमापात ५० पासून १२०० पर्यंत पातळ-घट्ट होऊ शकते, पण वेगाला मर्यादा आहे: तासाला साधारण ८०० मिली ते १ लिटर पाणी बाहेर जाऊ शकतं. त्याहून वेगाने तासन्‌तास पीत राहिलं तर सोडियम खाली येतं. लांब पल्ल्याच्या धावण्यात धोका आणखी जास्त, कारण श्रम आणि मळमळ यांमुळे एडीएच चालूच राहतं. सोडियम हळूहळू उतरलेलं असेल तर मेंदूच्या पेशी त्याच्याशी जुळवून घेतात, म्हणून ते वर आणतानाही २४ तासांत ८ ते १० मिलिमोल प्रति लिटरपेक्षा जास्त चढवत नाहीत. घाई केली तर मेंदूतल्या चेतातंतूंचं आवरण खराब होतं.

शिवाय दोन लूप भांडले तर काय होतं तेही इथेच दिसतं. खूप रक्त गेलं की एडीएच सुटतं, सोडियम आधीच कमी असलं तरीही. आकारमान वाचवणं आधी, मिठाचं प्रमाण नंतर.

लूपगेन

चौथी शंका राहिलीच होती. पॉझिटिव्ह फीडबॅकला थांबवण्याची सोय तीन तऱ्हांची असते.

काम संपलं की चक्र आपोआप तुटतं: प्रसूतीत गर्भाशयमुखावर ताण, त्याने ऑक्सिटोसिन, त्याने कळा, त्याने आणखी ताण. बाळ बाहेर आलं की ताणच राहत नाही. दुसरी तऱ्हा, वेग देणारा भागच स्वतःला बंद करतो: चेतापेशीत सोडियमच्या वाटा एकमेकींना उघडत जातात, पण साधारण एका मिलिसेकंदात त्या आपणहून बंद होतात. तिसरी, ब्रेक त्याच रसायनाच्या हातात: रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन आणखी थ्रॉम्बिन बनवायला लावतं, पण शेजारच्या निरोगी भिंतीवर थ्रॉम्बोमोड्युलिनला चिकटलं की तेच थ्रॉम्बिन प्रोटीन सी जागं करून गोठणं थांबवतं. जखमेवर गुठळी, शेजारी वाहतं रक्त.

यांतली एकही सोय नसली तर ते चक्र जीव घेतं. सुमारे ३० टक्क्यांहून जास्त रक्त गेलं की दाब पडतो, हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त कमी पडतं, ठोका कमजोर होतो, दाब आणखी पडतो. रक्तस्राव थांबवून रक्त भरेपर्यंत हे उलटवायला शरीराकडे स्वतःचं काही उरत नाही.

अर्धवटवाचक

शेवटचं एक. बॅरोरिफ्लेक्स चढ्या दाबाला सरावतो म्हणालात. मग रक्तदाबाची गोळी सुरू केल्यावर तो गोळीच्या विरोधात काम करतो का?

लूपगेन

सुरुवातीला हो. तो १६० लाच बरोबर समजत असतो, गोळीने १३५ झालं की नाडी वाढवून, वाहिन्या आवळून वर ओढू बघतो. उठताना गरगरणं बरेचदा त्यातलंच, आणि नव्या पातळीला सरावला की ते कमी होतं. म्हणूनच डोस सहसा हळूहळू वाढवतात. मनाने एकदम गोळी बंद करणं मात्र वाईट, विशेषतः क्लोनिडीन आणि बीटा ब्लॉकर. क्लोनिडीन मज्जातंतूंचे जे संदेश दाबून ठेवत होतं ते एकदम सुटतात. बीटा ब्लॉकरखाली पेशींनी रिसेप्टर वाढवून ठेवलेले असतात, झाकण काढलं की तेच ॲड्रेनॅलिन जास्त जोरात लागतं. डॉक्टरांना विचारून, उतरत्या डोसानेच थांबवायचं.